तिढा

आमच्या गावाचं नाव उभादांडा.
वाकडं असं इथे काही नसतं,
निदान पत्त्यावर तरी.
वाऱ्याने एका अंगाला गेलेली सुरूची झाडं तेवढी,
आणि मी, दहावी ब-ला इंग्रजी शिकवणारी.

सोमवारी शेवटच्या बाकावरून आल्मेडा म्हणाला,
मॅडम, किंक म्हणजे काय?
मागचे दोन बाक तोंडावर हात ठेवून हसले.
उद्या सांगते, म्हटलं.
सव्वीस वर्षं या उत्तराने मला तारलंय.

संध्याकाळी दाजी रापणीचा दोर उलगडत बसलेले,
मी शेजारी, मांडीवर कोश.
एक: दोराला, तारेला, केसाला पडलेला वळसा.
दाजींनी मान हलवली, हे त्यांना पाठ आहे.
दोन: मानेत भरलेली लचक.
तीन: चालू कामातली बारीकशी खोट.
चार: लहर, विक्षिप्तपणा, डोक्यातलं आडवळण.
"माझो चुलतो," दाजी म्हणाले, आणि बिडी शोधू लागले.
पाचवा अर्थ अर्ध्या ओळीचा होता.
त्यावर बोट ठेवून
मी पान उलटलं.

मुळाशी लिहिलं होतं: डच. दोरखंडाचा शब्द.
डचांची वखार अजून आहे वेंगुर्ल्यात,
छप्पर गेलंय, भिंतींतून पिंपळ निघालेत.
कुणी खलाशी याच वाळूत
आमच्या एखाद्या खापरपणज्याच्या सुंभाकडे बोट दाखवून
हे एवढंसं अक्षर बोलला असेल.
नसेलही. वखारीच्या वहीत मालाची वजनं लिहितात,
दोराचे तिढे कोण लिहितो.

शब्द मात्र चालत राहिला.
दोरातून केसांत, केसांतून मानेत,
मानेवरून जरासा वर, डोक्यात,
आणि तिथून एका बंद दाराच्या आत,
जिथे लोक बाहेर उभे राहून हसतात.
आपण तरी काय वेगळं केलं?
पोराचा केस वाकडा होऊ देत नाही,
आणि पाऊल वाकडं पडलं म्हणे कुणी,
की त्याच पोराशी आपलं वाकडं.

सगुण त्याच देशात असतो आता. रॉटरडॅम, बंदरावर.
माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे:
गॅलरी, दोन खुर्च्या, दोन मग,
मार्टेनचा हात सगुणच्या खुर्चीच्या पाठीवर.
"भाड्यान रवतत?" आईने एवढंच विचारलं होतं.
दाजी अकरा वर्षं फोनवर
फक्त तिथल्या पावसाची चौकशी करतात.

तिढा काढायचा कसा, मी विचारलं.
"ओढू नको गो. ओढलंस तर आतल्या आत तुटतलो.
आधी टोक मोकळां कर,
मगे उलटो फिरय, तेका होयो तसो."
मी मास्तरीण. म्हटलं,
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
"पीळ गेलो तर सुंभ कसलो? नुसतो काथो.
पीळ दोराचो असता.
तिढो हाताचो."

खाडीकडून डिझेलचा वास आला.
एक होडी आत येत होती, दिवा न लावता.
"मिया एकदा ओढलंय," दाजी म्हणाले,
होडीकडे बघत.
कुठला दोर, मी विचारलं नाही.
बऱ्याच वेळाने, उठताना, गुडघ्यावर हात ठेवून:
"थंय आता किती वाजले असतले?"
साडेचार तास वजा करून मी सांगितलं.
ते परत खाली बसले.

मंगळवारी आल्मेडा आलाच नाही.
शब्द मी फळ्यावर तरीही लिहिला,
खाली पाच आकडे.
चार भरले.
पाचव्यापुढे खडू टेकवून उभी राहिले,
मागे कुणीतरी खोकलं,
खडू मोडला,
मी खाली वाकून तुकडा शोधू लागले.